कोटेशन

चार लाख बासष्ट हजार, जीएसटी वेगळा.
आप्पांनी कागद आधी हातभर लांब धरला,
मग चष्मा लावून,
मग उलटा करून पाहिला,
उरलेली मशीन मागच्या बाजूला छापली असेल म्हणून.

"वजन किती?"
मी कोर सांगत होते, रॅम सांगत होते,
एकटंच निम्मे पैसे खाणारं ग्राफिक्स कार्ड सांगत होते.
वजन मला माहीत नव्हतं.
उद्यमनगरात मशीन वजनावर ओळखतात.
आमच्या जिन्याखालचा लेथ अठरा क्विंटलचा,
शहाऐंशी साली बटाल्याहून ट्रकवर आलेला,
अजून बेडवर पाण्याची वाटी ठेवली तर पाणी हलत नाही.
"आणि तुझी ही?"
पाच वर्षं, मी म्हटलं. फार तर सहा.
आप्पा काही बोलले नाहीत.
वेस्टचा बोळा घेऊन उगाच चक पुसत राहिले.

सर्फराज माझा भागीदार, त्याचं गणित वेगळं.
"ढगात भाड्यानं मिळतंय की सगळं, तासावर.
आणि गुजरीतला शेठ देणार किती? अठरा हजारच.
ते पण बघणार कशावर? हातातल्या फोनवर,
मिसळीचा कट बोटाला लागलेला असताना,
अंगठ्यानं ढकलत."

खरं होतं सगळं.
तरी मी त्याला साज दाखवला, स्क्रीनवर.
एकवीस पानं, प्रत्येक पानात शेजारचं पान दिसायला हवं,
त्या पानात पुन्हा पहिलं.
सोनं सोन्यासारखं दिसायला
प्रकाश निदान सात वेळा वळावा लागतो, सर्फ्या.
ह्या मशीनवर मी तीनदाच वळवते,
कारण सात म्हटलं की पंधरा सेकंदांना अकरा तास,
आणि दहाव्या तासाला लाईट जाते.
तीन वेळा वळवलेलं सोनं
पितळ असतं.
"कुणाला कळतंय," तो म्हणाला. प्रेमानंच म्हणाला.

मग मी आप्पांकडे वळले, वकिलासारखी.
त्या आठवड्यात तुम्ही चार बुश भंगारात टाकले.
दोन शतांश मिलिमीटरनं चुकले होते.
गिऱ्हाईकानं ते तसेच नेले असते.
"गिऱ्हाईकाला दिसत नाही," आप्पा म्हणाले,
"पंपाला कळतं."
तेच तर म्हणतेय मी!
"हो. पण तुझ्या त्यात पंप कुठला?"

ह्याचं उत्तर मला तेव्हा आलं नाही.
रंकाळ्यावरून परत येतानाही आलं नाही.
बँकेच्या फॉर्मवर 'कर्जाचे प्रयोजन' ह्या रकान्यात
मी नुसतं 'यंत्रसामग्री' लिहिलं.

सोमवारी, कारखाना बंद, खोकं आलं.
सर्फराजनं बाजूचं दार काढलं
आणि आप्पा मांडी घालून समोर बसले, टॉर्च घेऊन.
लॅपटॉपला ते नेहमी 'चिकटवलेलं' म्हणतात.
"हे उघडतंय," ते म्हणाले. "स्क्रू आहेत."
मग बराच वेळ आत बघत बसले,
लेकीचं स्थळ बघायला गेल्यासारखे.
"ते आडवं, जड, ते वाकलंय."
ग्राफिक्स कार्ड. खरंच, टोकाला तांदळाएवढं खाली.
कुणीच पाहिलं नव्हतं.
व्हर्निअर आणला. दोनदा मोजलं.
खाली लेथ सुरू झाला, सुट्टीच्या दिवशी,
वर माझ्या टेबलावरचा चहा थरथरला.

अंगठ्याएवढा पितळी टेकू,
टोकाला रबराचा गोल तुकडा, कार्डाला ओरखडा नको म्हणून.
मी म्हटलं, आप्पा, आत कुणाला दिसणार आहे,
पॉलिश कशाला केलंत?

ते हात धुवायला गेले होते.

त्या रात्री सात वेळा वळवला प्रकाश.
बावन्न मिनिटं लागली.
शेठनं दुसऱ्या दिवशी एक अंगठा पाठवला
आणि अठरा हजारांतले दोन कापले.
हप्ता पाच तारखेला जातो.
सर्फराज अजून म्हणतो, ढग बरा होता.
कधीकधी मला पण पटतं.
मग दार उघडून धूळ पुसताना
त्या टेकूत सगळी मशीन दिसते, वाकडी, इवलीशी,
आणि कडेला माझा कान.